स्टेशनच्या फाटकापासून लॉजच्या दारापर्यंत

रेल्वे कायदा, १९८९ मध्ये १३९ क्रमांकाचे एक कलम आहे. तिकीट नसलेल्या प्रवाशाला गाडीतून उतरवण्याचा अधिकार त्या कलमाने रेल्वेला दिला आहे. मात्र पुढे एक अटही घातली आहे. सोबत पुरुष प्रवासी नसलेली बाई किंवा मूल असेल, तर त्यांना वाटेल त्या स्टेशनावर उतरवता येत नाही. जिथून प्रवास सुरू झाला ते स्टेशन, जंक्शन, शेवटचे स्टेशन किंवा जिल्ह्याच्या ठिकाणचे स्टेशन, एवढ्याच जागा कायद्याला मान्य आहेत, आणि तेही फक्त दिवसा. विनातिकीट बाईलासुद्धा अपरात्री अनोळखी फलाटावर सोडू नये, इतका विचार कायदा करणाऱ्यांनी केला.

रीतसर आरक्षण करून, आपल्याच स्टेशनावर, रात्री अडीच वाजता उतरणाऱ्या बाईसाठी मात्र अशी कोणतीही तरतूद नाही. फलाटावर असेपर्यंत रेल्वे सुरक्षा दल आहे, लोहमार्ग पोलीस आहेत, १३९ हा मदत क्रमांक आहे. फाटक ओलांडून रस्त्यावर आले की रेल्वेची जबाबदारी संपते. शहराची यंत्रणा त्या वेळी झोपलेली असते. मधले दोन, पाच, दहा किलोमीटर ज्याचे त्याने निभावून न्यायचे, अशी रीत पडून गेली आहे. लांबच्या प्रवासातला सर्वांत छोटा टप्पा सर्वांत जास्त धास्तीचा होतो, तो त्यामुळे.

रात्री उतरणारे लोक असतात तरी कोण? हौसेने अपरात्र निवडणारे थोडेच. गाडी उशिरा धावली म्हणून संध्याकाळची मध्यरात्र झालेले बरेच. सकाळी नऊला ज्यांचा परीक्षेचा पेपर आहे, मुलाखत आहे, कोर्टाची तारीख आहे, दवाखान्यात नंबर लागला आहे, ते तर मुद्दाम आदल्या रात्री येतात. पोलीस भरतीच्या दिवसांत मैदानाजवळच्या पदपथावर बॅगा उशाला घेऊन झोपलेल्या मुलांचे फोटो वर्तमानपत्रांत येतात. त्या मुलांना खोली परवडत नाही, हे एक कारण. पण अपरात्री कुठे जायचे, कोण घेईल, किती पैसे पडतील हे सांगणारे कुणी भेटत नाही, हेही तितकेच मोठे कारण.

मुंबईचेच घ्या. लांब पल्ल्याच्या गाड्या इथे एका ठिकाणी येत नाहीत. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, दादर, मुंबई सेंट्रल, वांद्रे टर्मिनस, कुर्ल्याचे लोकमान्य टिळक टर्मिनस अशी त्यांची पाच मुख्य ठिकाणे. त्यांतली पहिली तीन लोकलच्या रांगेतच आहेत. वांद्रे टर्मिनस आणि लोकमान्य टिळक टर्मिनस मात्र लोकलच्या स्टेशनांपासून बाजूला पडतात. तिथून लोकलला जायचे तर सामान घेऊन चालावे लागते. दिवसा ते जमते. रात्री एकच्या सुमारास शेवटच्या लोकल सुटून जातात आणि पहाटे चारनंतरच पहिल्या सुरू होतात. या मधल्या तीन तासांत रोज लाखो माणसे वाहणारी उपनगरी रेल्वे प्रवाशाच्या काही उपयोगाची नसते.

समजा, उत्तर प्रदेशातून निघालेले एक कुटुंब लोकमान्य टिळक टर्मिनसला रात्री दोनला उतरले आहे. वडिलांना परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात दाखवायचे आहे. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालेल्या या रुग्णालयात देशाच्या कानाकोपऱ्यातून रुग्ण येतात, आणि उत्तरेकडच्या कितीतरी गाड्या याच टर्मिनसला संपतात. बाहेर येताच समोर रिक्षा दिसतात. पण रिक्षाला शीवच्या, म्हणजे सायनच्या, आणि माहीमच्या पुढे शहरात जायला परवानगी नाही. परळला जायचे तर टॅक्सीच करावी लागते. हे त्या कुटुंबाला माहीत असण्याचे काही कारण नाही. रिक्षावाल्याने ‘सायनपर्यंत सोडतो’ म्हटले की ते बसतात, आणि रात्री अडीचला शीवच्या रस्त्यावर आजारी माणसासह दुसऱ्या गाडीची वाट पाहत उभे राहतात.

टॅक्सीचा हिशेब खरे तर सोपा आहे. १ फेब्रुवारी २०२५ पासून मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीचे पहिल्या दीड किलोमीटरचे भाडे ३१ रुपये झाले. पुढच्या प्रत्येक किलोमीटरला २० रुपये ६६ पैसे. रिक्षाचे किमान भाडे २६ रुपये आणि पुढे किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे. मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत या रकमेवर २५ टक्के जादा. म्हणजे दहा किलोमीटरच्या टॅक्सीचे दिवसाचे भाडे साधारण २०७ रुपये आणि रात्रीचे साधारण २५८. सामानाचे थोडे वेगळे. हा आकडा ज्याला ठाऊक आहे, तो ‘आठशे होतील’ ऐकल्यावर पुढच्या टॅक्सीकडे वळतो. ज्याला ठाऊक नाही, तो पाचशेवर सौदा पटला म्हणून समाधान मानतो. फाटकाबाहेर, दिव्याखाली, हिंदीत आणि मराठीत, मुख्य ठिकाणांचे रात्रीचे दर लिहिलेला एक ठळक फलक लावला तरी हा फरक बराचसा मिटेल.

पुण्यातही हिशेब असाच करता येतो. सप्टेंबर २०२२ मध्ये तिथे रिक्षाचे किमान भाडे २५ रुपये आणि पुढे किलोमीटरला १७ रुपये ठरले. स्टेशनपासून स्वारगेट पाच किलोमीटर धरले, तर दिवसा ८५ रुपयांच्या आत आणि रात्रीचे पाव भाडे जोडून १०६ च्या आसपास. रात्री बाराच्या पुढे स्टेशनच्या दारात हा आकडा क्वचितच ऐकू येतो. ‘दोनशे द्या’, ‘हाफ रिटर्न द्यावं लागेल’, ‘तिकडून भाडं मिळत नाही’ हीच तिथली नेहमीची वाक्ये. प्रीपेड रिक्षाची योजना पुणे स्टेशनवर सुरू झाली, थांबली, पुन्हा सुरू झाली. मेट्रो १ ऑगस्ट २०२३ पासून स्टेशनाच्या दारापर्यंत आली, पण मध्यरात्री कोल्हापूरकडे जाणारी महालक्ष्मी एक्सप्रेस पुण्यात येते तेव्हा मेट्रोची दारे बंद झालेली असतात.

रिक्षावाल्याची बाजूही समजून घ्यायला हवी. रात्रीच्या पाळीचा चालक रांगेत तास-दीड तास उभा असतो. गाडी आली की त्याचा नंबर लागतो. त्याच्या वाट्याला जर समोरच्याच लॉजला जाणारा प्रवासी आला, तर मुंबईच्या दराने त्याला साडेबत्तीस रुपये मिळतात आणि रांगेतला नंबर जातो. गाडी भाड्याची असेल, तर मालकाला रोजचे पैसे द्यायचेच असतात. भाडे नाकारणे हा मोटार वाहन कायद्याने गुन्हा आहे, हे त्यालाही माहीत असते. तरी तो नाकारतो, कारण त्या रात्रीची कमाई एका भाड्यावर ठरते. जवळचे भाडे करून परतलेल्या चालकाला रांगेत पुन्हा पुढे उभे राहता येईल असा नियम स्टँडवर लावला, तर नकाराचे मूळ कारणच उरत नाही. हा नियम लावायला पैसा लागत नाही. स्टँडवर एक माणूस आणि हातात एक वही पुरते.

नकारापेक्षा जास्त नुकसान करणारा एक प्रकार आहे. प्रवासी ठरलेल्या हॉटेलचे नाव सांगतो. चालक किंवा मध्येच बॅगेला हात घालणारा दलाल म्हणतो, ‘ते बंद झालंय’, ‘तिथे रूम नाही मिळणार, मी चांगलं दाखवतो’. मग गाडी दुसऱ्याच लॉजसमोर थांबते. त्या लॉजकडून दलालाला कमिशन मिळते, आणि ते कमिशन खोलीच्या भाड्यात आधीच मिसळलेले असते. प्रवासी थकलेला, मुले झोपेला आलेली, रस्ता सुनसान. तो खोली घेतो. यावर उपाय एकच आणि तो गाडीत बसण्याआधी करायचा: हॉटेलच्या काउंटरला फोन लावायचा आणि तो चालकाच्या हातात द्यायचा. मालकाचा आवाज ऐकला की हॉटेल बंद असल्याचे सांगता येत नाही.

लॉजच्या दारात पोचल्यावरही रात्रीचे प्रश्न संपत नाहीत. पहिला घोळ तारखेचा. तुतारी एक्सप्रेस दादरहून रात्री १२ वाजून ५ मिनिटांनी सुटते. शुक्रवारी रात्री जेवून निघायचे असेल, तर तिकीट शनिवारचे काढावे लागते. शुक्रवारचे तिकीट घेऊन शुक्रवारी रात्री दादरला आलेल्या माणसाची गाडी चोवीस तासांपूर्वीच निघून गेलेली असते. हॉटेलच्या बाबतीत हाच हिशेब उलटा होतो. शनिवारी पहाटे दीडला पोचायचे असेल, तर खोली शुक्रवारची घ्यावी लागते, कारण हॉटेलचा दिवस दुपारी बाराला किंवा दोनला सुरू होतो. शनिवारची खोली ऑनलाइन बुक करून आलेल्याला काउंटरवरचा मुलगा सांगतो, ‘चेक-इन दुपारी आहे.’ आणि ज्याने शुक्रवारची खोली बरोबर घेतली, पण गाडी चार तास उशिरा आली, त्याची खोली ‘पाहुणा आला नाही’ म्हणून दुसऱ्याला दिली गेलेली असते. संध्याकाळी एक फोन करून ‘रात्री दोनपर्यंत येतो, खोली ठेवा’ एवढे सांगितले, की यातले बरेच टळते.

या बाबतीत स्टेशनजवळचे जुने लॉज नव्या हॉटेलांपेक्षा सोयीचे पडतात. ‘चोवीस तास चेकआउट’ ही त्यांची जुनी पद्धत. रात्री दोनला चावी घेतली, तर दुसऱ्या रात्री दोनपर्यंत खोली तुमची. पुण्यात स्टेशनसमोरच्या विल्सन गार्डन भागात, नागपुरात सीताबर्डी आणि सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूकडे, नाशिकरोडला बिटको चौकाच्या आसपास असे लॉज आहेत. काउंटरमागे खिळ्यांना लटकवलेल्या चाव्या, जाड रजिस्टर, आधार कार्डाची झेरॉक्स आणि अनामत रक्कम. रजिस्टरमध्ये नाव, गाव, ‘कोठून आला’, ‘कोठे जाणार’, ‘कामाचे स्वरूप’ असे रकाने. झोपेने डोळे मिटत असताना ते सगळे भरायचे असते.

त्या रजिस्टरपाशीच काही जणांची वाट अडते. ‘लोकल आयडी चालत नाही’ हे वाक्य राज्यातल्या असंख्य काउंटरांवर ऐकू येते. ज्या शहरात खोली हवी त्याच शहराचा पत्ता ओळखपत्रावर असेल, तर खोली नाकारली जाते. एकट्या बाईला ‘सोबत कुणी नाही का?’ असे विचारले जाते आणि मग खोली शिल्लक नसल्याचे सांगितले जाते. पाहुण्याची ओळख पटवणे आणि नोंद ठेवणे हॉटेलवर बंधनकारक आहे. एकट्या प्रौढ स्त्रीला किंवा त्याच शहरातल्या माणसाला खोली देऊ नये, असा कोणताही कायदा नाही. तरी लॉजवाले भानगड नको म्हणून नाही म्हणतात. दुपारी दोनला असा नकार मिळाला, तर माणूस पुढच्या लॉजवर जातो. रात्री दोनला तोच नकार माणसाला परत रस्त्यावर आणून सोडतो. पोलीस ठाण्याने आपल्या हद्दीतल्या लॉजमालकांना बोलावून हे एकदा स्पष्ट सांगितले पाहिजे.

मोठ्या शहरांत निदान रस्त्यावर वर्दळ असते. खरी कसोटी लागते ती गावापासून दूर बांधलेल्या स्टेशनांवर. नाशिकरोडला उतरलेल्याला पंचवटीत जायचे असेल, तर अजून दहा किलोमीटर जायचे असतात. दिवसा शेअर रिक्षात एक सीट मिळते, रात्री अख्खी रिक्षा करावी लागते. कोकणात हे अंतर आणखी जाणवते. २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण मार्गावर सुरू झालेल्या कोकण रेल्वेने मुंबईचे चाकरमानी आणि त्यांची गावे जवळ आणली. पण डोंगर आणि खाड्या सांभाळत गेलेल्या त्या मार्गाने स्टेशने गावात नेऊन ठेवता आली नाहीत. रत्नागिरीचे स्टेशन शहराच्या बाजारपेठेपासून कित्येक किलोमीटरांवर, सावंतवाडीचे मळगावात. मालवणला तर रेल्वेच नाही. कुडाळला उतरून तीसेक किलोमीटर जायचे. पावसाळ्यात वेळापत्रकच बदलते. २०२५ मध्ये ते १५ जून ते २० ऑक्टोबर असे लागू होते, आणि त्या काळात दरडीच्या भीतीने गाड्या सावकाश धावतात. गणपतीच्या जादा गाड्या त्यातच येतात, आणि त्यांतल्या अनेक अवेळी पोचतात.

कोकणी माणसाने यावर आपला मार्ग काढलेला आहे. गावच्या ओळखीच्या रिक्षावाल्याला आदल्या दिवशी फोन जातो: ‘उद्या कोकणकन्येने येतोय, चौघे आहोत, सामान आहे.’ गाडी कुठे पोचली ते रिक्षावाला स्वतःच मोबाइलवर बघत असतो. उशीर झाला तर तो घरून उशिरा निघतो. मीटरचा प्रश्न येत नाही, दर ठरलेला असतो आणि गावातल्या सगळ्यांना माहीत असतो. ही व्यवस्था ओळखीवर चालते. गावाशी नाते नसलेल्या पर्यटकाला ती मिळत नाही. त्याला उतरायच्या हॉटेलनेच ती करून दिली पाहिजे, आणि मालवण-तारकर्लीचे अनेक घरगुती निवासवाले ती करूनही देतात. खोली बुक करताना ‘स्टेशनवर गाडी पाठवाल का, किती घ्याल?’ हे दोन प्रश्न तिथे अजिबात संकोच न करता विचारावेत.

गोव्यात गेलेल्या मराठी पर्यटकाला आणखी एक गोष्ट आधी माहीत असावी लागते. उबर, ओला तिथे चालत नाहीत. २०१८ मध्ये सुरू झालेली गोवा माइल्स ही सेवा अ‍ॅपवर मिळते, आणि तिच्यावरून स्थानिक टॅक्सीवाल्यांशी वारंवार वाद झाले आहेत. उत्तरेच्या किनाऱ्यांना जायचे तर थिवी, पणजीला करमळी, दक्षिणेला मडगाव. स्टेशन चुकले, तर रात्री टॅक्सीचे भाडे रेल्वेच्या तिकिटाच्या कित्येक पट होते.

रेल्वे आली तेव्हा या प्रश्नाचे उत्तर समाजाने आपल्या पद्धतीने शोधले होते. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळचे सरदारगृह हे पुण्याकडून येणाऱ्या मंडळींचे उतरण्याचे ठिकाण होते, बोरीबंदरहून चालत जाण्याच्या अंतरावर. लोकमान्य टिळक मुंबईत आले की तिथेच उतरत आणि १ ऑगस्ट १९२० रोजी तिथेच त्यांचा मृत्यू झाला. गिरगावातल्या माधवाश्रमाने मराठी कुटुंबांना परवडणारी खोली आणि घरच्यासारखे जेवण दिले. गाडगे महाराजांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथे धर्मशाळा उभारल्या. दादरची त्यांच्या नावाची धर्मशाळा आजही कर्करोगाच्या रुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना आसरा देते. परळला नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन हेच काम करते. यांपैकी कोणतीही जागा हॉटेल-बुकिंगच्या अ‍ॅपवर पटकन सापडत नाही. स्टेशनवरच्या चौकशी खिडकीपाशी त्यांचे पत्ते लावलेले असते, तर लोकमान्य टिळक टर्मिनसबाहेर उभ्या असलेल्या त्या कुटुंबाला पहिला आधार तिथेच मिळाला असता.

स्टेशनबाहेर पडायचेच नाही, हाही एक मार्ग आहे. अनेक मोठ्या स्टेशनांवर विश्रांती कक्ष आणि डॉर्मिटरी असतात. कन्फर्म किंवा आरएसी तिकिटाच्या पीएनआरवर आयआरसीटीसीमार्फत त्यांचे आरक्षण करता येते. नोव्हेंबर २०२१ मध्ये मुंबई सेंट्रलला भारतीय रेल्वेचे पहिले पॉड हॉटेल सुरू झाले. ४८ पॉड, सुरुवातीचा दर बारा तासांना ९९९ रुपये. एकट्या प्रवाशाला, विशेषतः एकट्या बाईला, अपरात्री रस्ता न ओलांडता अंथरुणावर पोचवणारी ही सोय आहे. अडचण संख्येची आहे. लाखो माणसे वावरतात त्या शहरात असे काही डझन पॉड कुणाकुणाला पुरणार? गाडीत झोप लागून स्टेशन चुकण्याची भीती असेल, तर १३९ वर आगाऊ सांगून उतरायच्या वीस मिनिटे आधी फोन मागवता येतो. हे फार थोड्यांना माहीत आहे.

सार्वजनिक वाहनांचे प्रयोगही झाले आहेत. एप्रिल २०२२ मध्ये बेस्टने सहा मार्गांवर रात्रभर बस सोडायला सुरुवात केली. पुण्यात पीएमपीएमएलच्या ‘रातराणी’ बस पुणे स्टेशन, कात्रज, हडपसर अशा ठिकाणांना जोडतात. डिसेंबर २०१९ मध्ये नागपूर पोलिसांनी रात्री नऊ ते पहाटे पाच या वेळात अडकलेल्या महिलांना विनाशुल्क घरी सोडण्याची सेवा जाहीर केली. दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा हे दोन्ही मार्ग जिथे एकमेकांना छेदतात आणि रात्रभर गाड्या येत राहतात, त्या शहराला अशा सेवेची गरज कळली, हे महत्त्वाचे. पण या सगळ्या सेवा एकेकट्या उभ्या आहेत. बसचे वेळापत्रक गाडीकडे पाहून आखलेले नसते. पोलिसांचा क्रमांक फलाटावर लिहिलेला नसतो. प्रीपेडची खिडकी शेवटच्या गाडीची वाट पाहत नाही.

या सेवा एकत्र जोडण्यासाठी नवे खाते काढायची गरज नाही. रिक्षा-टॅक्सीचे दर, परवाने आणि स्टँड ठरवणारे प्रादेशिक परिवहन प्राधिकरण आजही आहे. बहुतेक जिल्ह्यांत जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष असतात, आणि पोलीस व परिवहन विभागाचे अधिकारी त्यात बसतात. त्या बैठकीला रेल्वेच्या विभागीय अधिकाऱ्याला आणि शहर बसच्या अधिकाऱ्याला बोलावले, तर पाच गोष्टी एकाच दिवशी ठरू शकतात: रात्रीच्या दरांचा फलक, शेवटची गाडी येईपर्यंत उघडी राहणारी प्रीपेड खिडकी, जवळच्या भाड्यावर जाऊन आलेल्या चालकाला रांगेत परत जागा, गाडी उशिरा आली तर थांबणारी एक बस आणि लॉजमालकांना स्पष्ट लेखी सूचना. ऑगस्ट २०२३ मध्ये अमृत भारत योजनेत देशातल्या ५०८ स्टेशनांच्या पुनर्विकासाची पायाभरणी झाली. त्यांत महाराष्ट्रातली ४४ आहेत. स्टेशनाबाहेरचे आवार या कामात नव्याने आखले जात आहे, तेव्हा फलकाची आणि खिडकीची जागा आत्ताच राखून ठेवता येईल. २०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ आहे. नाशिकरोडच्या फलाटावर दिवसरात्र भाविक उतरतील, आणि त्यांतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना दहा किलोमीटरवरच्या रामकुंडाकडे किंवा त्याहून कितीतरी लांबच्या त्र्यंबककडे जायचे असेल. नाशिकच्या प्राधिकरणाने ती बैठक या वर्षीच घ्यायला हवी.